गोरखचिंचांचे व्रण

फुंगाई, स्पष्टच सांगते, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या तुला सावे नदीकाठच्या आमच्या जुन्या गोरखचिंचा काढायला सांगितल्या, तर तू त्या केळीच्या खोडासारख्या गुळगुळीत काढल्यास. शाळेच्या भिंतीवर चित्र लागायच्या आधीच आम्हा चटया विणणाऱ्या बायकांमधली सेकाई कडाडली, "हे माझं झाडच नाही! चटईसाठी मी साल सोलते, ते व्रण कुठे गेले? ने परत!"

तुझं तोंड एवढंसं झालं. मग तिथेच बसून तू प्रत्येकीला तिच्या झाडाचे व्रण विचारत रंगवलेस.

"अजून खोल काढ, पोरा, तेव्हा माझ्या हातात जोर होता!" एक म्हातारी म्हणाली.

बायका हसून लोळल्या आणि त्यांनीच चित्र भिंतीवर चढवलं. माझ्या झाडाचे व्रण तेवढे राहिले; त्यांच्या रंगासाठी लाल माती आणायला आपण दोघं नदीवर जाणार होतो. अजून गेलेलो नाही.