वायसर पुढे कुठे जातात?

तीस वर्षांत वायसरमामांना कुणी अवघड प्रश्न विचारला नव्हता. जुन्या प्रेसवर त्यांनी रबराचे वायसर काढायचे, विधवा वहिनींनी कात्रीने कडा साफ करायच्या, सोमवारी व्यापाऱ्याने पोती न्यायची. नाकासमोर चालणारा माणूस!

या सोमवारी मात्र व्यापारी म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून निम्माच माल." का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. निम्म्या मालाच्या कडा मामा एकटेच कापू शकत होते. म्हणजे वहिनींना घरी बसवायचं. त्यांना हे सांगायचं कसं? मामांनी ते उद्यावर ढकललं.

त्यातच सरकारी पाहणीच्या बाई फॉर्म घेऊन हजर! कुठला उद्योग कुठल्या उद्योगाच्या जिवावर चालतो, याचा म्हणे देशभराचा तक्ता बनणार होता.

"माल कुठे जातो तुमचा?"

"व्यापाऱ्याकडे."

"आणि पुढे?"

मामा बुचकळ्यात पडले. लेक दिली त्या घराचा पत्ता बापाला सांगता येऊ नये, तसे शरमले.

"शोधून ठेवा. शुक्रवारी येते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मामांनी सायकल काढली आणि व्यापाऱ्याच्या टेम्पोचा पाठलाग केला. टेम्पो शिरला पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात. आत निम्मी टेबलं कापडाने झाकलेली.

"लोकांना परदेशी पंप हवेत," फोरमन म्हणाला. "आमचे घरघरतात ना!"

परदेशी पंप घेणाऱ्या या लोकांना मामांनी वाटभर शिव्या घातल्या. घरी येऊन नळ सोडला, तर पाणी नाही. वहिनींनी पंप लावला. हूं नाही की चूं नाही. हाच तो परदेशी पंप! गेल्या वर्षी मामांनी हौसेने आणलेला. "चालू आहे की बंद, कळतसुद्धा नाही," असं गल्लीभर सांगत सुटले होते. जुना घरघरणारा दिला भंगारात. त्यात वायसर कुणाचे होते? शिव्या नेमक्या कुणाला दिल्या आपण?

शुक्रवारी बाई आल्या. वहिनी कडा कापत होत्या.

"माल पंपाच्या कारखान्यात जातो," मामा म्हणाले. "तिथून लोकांच्या घरी. पण लोक आता परदेशी पंप घेतात. आमचा माल निम्म्यावर आलाय."

वहिनींची कात्री थांबली.

"म्हणजे भाऊजी, माझं काम गेलं? कोण मेले हे लोक?"

मामांना कुणाकडेच बघवेना.

"मीच, वहिनी."