एकादशीचा वाटा

देवावर माझा राग होता आणि तो मी छापूनही टाकला होता. ‘देवळाच्या कोठीत धान्याला कीड लागते, भिंतीपलीकडे क्षयाचा रोगी उपाशी झोपतो,’ असं पत्रक मी बेंगळुरातल्या आमच्या बसवनगुडीत घरोघर वाटलं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. त्यातलं अर्धं वाक्य खोटं आहे हे मला लिहितानाच माहीत होतं, कारण आमची धान्यपेढी त्याच विठ्ठल मंदिराच्या पडवीत चालायची आणि धान्य द्यायच्या त्या देवळातल्याच बायका. रोज तांदूळ धुण्याआधी धान्या-डाळीची एक मूठ त्या घरच्या डब्यात टाकत; देवळाचं सगळं पाहणाऱ्या शेषक्का शनिवारी ते डबे गोळा करत. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर गोळ्यांच्या चिठ्ठीवरच धान्यही लिहायचे : नाचणी, तूरडाळ, शेंगदाणे. रिकाम्या पोटी त्या गोळ्या सोसत नाहीत, माणूस त्या सोडून देतो आणि रोग उलटतो. हे काम सरकारचं आहे असं मी तेव्हा म्हणत होते, आजही म्हणते.

शेषक्कांनी पत्रक वाचलं. ओरडल्या नाहीत. “किडकं धान्य रोग्यांना कशाला? सरी, बरं, राहू दे,” एवढंच म्हणाल्या आणि डबे यायचे थांबले. दर आठवड्याला धान्यपेढीच्या पिंपातलं धान्य खाली जात होतं. माफी मागायला माझा पाय उचलत नव्हता. चळवळीतल्या माणसानं माफी मागायची नसते, असं काहीतरी डोक्यात होतं.

पिंप संपलं त्या दिवशी एकादशी होती. सकाळीच रुक्मक्का आली. ती कोपऱ्यावर गाडी लावून कपड्यांना इस्त्री करायची. गोळ्यांचा तिचा पाचवा महिना होता. पिंप उघडं पाहून ती काय ते समजली.

“स्वल्प तरी बघ गं. गोळी घेतली की पोटात आग पडते. मी नाही घेणार आता.”

तिनं गोळ्यांची पुडी माझ्यासमोर ठेवली. मध्येच सोडल्या तर पुढे याच गोळ्या लागू पडतील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी पिंपात हात घातला. तळाला कोंडा लागला. मी कधी प्रार्थना करत नाही. तेव्हा मनात म्हटलं, चुकले मी, शिक्षा हिला नको. कुणाला म्हटलं ते ठाऊक नाही.

तेवढ्यात एक म्हातारी पायऱ्या चढून आली. कधी न पाहिलेली, हातात कापडी पिशवी.

“रोग्यांना धान्य देतात ते हेच ना?”

“देत होतो. आज काही नाही.”

“मग हे घे. एकादशीला माझ्या वाटचं शिजत नाही. चार एकादश्यांचं साठलंय, कुणाला द्यावं कळत नव्हतं. नातीनं तुमचा कागद वाचून दाखवला. कोठीचं मला माहीत नाही बाई. पण भिंतीपलीकडे माणूस उपाशी आहे, एवढं तरी खरं ना?”

“एवढं खरं,” मी म्हटलं.

पिशवीत नाचणी होती, डाळ होती, शेंगदाणे होते. इकडच्या कुठल्याही घरात हेच सापडेल. रुक्मक्कानं धान्य पदरात घेतलं आणि पुडी उचलून परत कमरेला खोचली. म्हातारी दर्शनाला गेली असेल म्हणून रिकामी पिशवी द्यायला मी गाभाऱ्याकडे गेले, तर ती तिथं नव्हती. शेषक्का वाती वळत बसल्या होत्या. येणारा प्रत्येक चेहरा ओळखणाऱ्या त्या. त्यांनीही तिला पाहिलं नव्हतं. बेंगळुरात म्हाताऱ्या पुष्कळ आहेत. मी वाद घालत नाही.

“काय गं, आज कागद नाही आणलास?”

“पिशवी आणलीय. चुकलं माझं, अक्का.”

“कीड कुठं होती मग?”

“कुठंच नव्हती. मी रागानं लिहिलं.”

“हे छापशील?”

छापलं. पुढच्या शनिवारी डबे आले, आणि एकादशीचा वाटाही घरोघरी वेगळा निघू लागला. पिशवी अजून माझ्याकडे आहे.

रुक्मक्काच्या गोळ्या पूर्ण झाल्या. नंतरच्या एका एकादशीला ती मूठ मिटून आली. “माझी नाचणी,” म्हणाली. आधी स्वतः खा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मला नेहमी दुसऱ्याला काय हवं ते सांगायची सवय. या खेपेला फक्त दोन्ही हातांची ओंजळ तिच्यापुढे धरली.