लाटांची चकती

वेसाव्याहून डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या कोळीणमावशीमुळे मी या शहरात टिकलो. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

अंधेरीला एका वकीलसाहेबांच्या बंगलीत मी कामाला होतो. शाळा पाचवीत सुटलेली, गाव लांब रत्नागिरीकडे, झोपायला साहेबांची ओटी. साहेबांचा नाद जगावेगळा. ब्रह्मदेशच्या लढाईतून परतलेल्या शिपायांनी आणलेल्या जपानी तलवारी पुढे जुन्या बाजारात मोडीत निघाल्या, त्यांचे नुसते दागिने साहेब जमवत. मुठीवरचे इवलेसे सोनेरी मासे, मूठ आणि पातं यांच्यामध्ये बसणाऱ्या लोखंडी चकत्या. त्यांतली एक लाटा कोरलेली, मधूनमधून आरपार भोकं असलेली. ती सर्वांत लाडकी. रंग जुन्या तव्यासारखा काळा.

"या काळेपणालाच किंमत आहे," साहेब बजावत. "कोरड्या फडक्याशिवाय हात लावायचा नाही."

कपाटाची एक किल्ली माझ्याकडे असे, दुसरी बाईसाहेबांच्या जुडग्यात.

दसऱ्याच्या सुमाराला साहेब खटल्यासाठी नागपूरला गेले. परतले तेव्हा बाईसाहेब माहेरी पुण्याला गेलेल्या. साहेबांनी कपाटाचा खण उघडला. चकती जागेवर होती, पण पांढरीफटक, चकचकीत.

"खरी कुठे विकलीस?"

"साहेब, हीच ती असेल."

"असेल? लोखंड आपोआप तरुण होतं का रे?"

त्यांनी किल्ली काढून घेतली. रविवारी भाऊच्या धक्क्यावरून गावची बोट धरायची, असं सांगितलं. गावी काय तोंड दाखवणार होतो? चोर म्हणून परत आलेल्याला तिथे कुणी गुरंही राखायला दिली नसती.

तोवर मी बाहेर निघालो की साहेब माझ्या पिशवीकडे बघत. मीही सगळ्यांकडे तसाच बघू लागलो. खिडकीचा गज हलवून पाहिला. जुन्या बाजारातला दलाल मागे चहाला का थांबला होता, हे आठवत बसलो. आपलीच ट्रंक दोनदा उपसली, न जाणो कुणी खरी चकती आणून आत लपवली असेल तर.

शनिवारी मावशी मागच्या दाराशी आली. "काय रं, तोंड का पाडलंस?"

मी सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली. "सायबाला बोलव."

साहेबांची पुडकी जुन्या बाजारात नेता-आणताना हिने मला कितीदा बघितलेलं. माझ्यावरच साक्ष देते की काय?

साहेब आले. मावशी म्हणाली, "सायेब, ती चकती तुमचे बाईनीच घासली. नवरात्रात मासली नव्हती घेत तुमी, पन मी इहिरीवर पानी प्याला आलेली. ह्यो पोर बाजारात गेलेला, आन् बाई चिंच आन् राख घेऊन बसलेली. खंडेनवमी व्हती ना."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मना काय बी नाय कळत. भोकात बगा. कुकू नाय निंगालं तं मी खोटी."

साहेबांनी भिंग आणलं. लाटेच्या वळणात लाल कण अडकले होते, एका भोकात चिंचेचा दोरा. खंडेनवमीला शस्त्रं पुजतात. त्या घरात विळी आणि शिवणाचं मशीन सोडलं, तर शस्त्र म्हणावं असं तेवढंच. देवीपुढे गंजकं कसं ठेवायचं, म्हणून बाईसाहेबांनी ते लख्ख केलं होतं, मनापासून.

साहेब पायरीवर बसले. थोड्या वेळाने किल्ली माझ्यापुढे सरकवली. "ओटी झाडून घे," एवढंच म्हणाले.

"पापलेट घेता का नाय मंग?" मावशीने विचारलं.

ती त्या घरातली तिची शेवटची विक्री ठरली. बाईसाहेब परतल्यावर म्हणाल्या, "आमच्या घरातलं कोळणीने सांगावं?" पुढच्या आठवड्यापासून मासळी दुसरीकडून येऊ लागली. मावशीने माझ्यासाठी तोंड उघडलं आणि स्वतःचं गिऱ्हाईक घालवलं. भेटली की अजूनही विचारते, "जेवलास का रं?" त्याबद्दल चकार शब्द नाही.

मी अजून दुसऱ्याच्याच ओटीवर झोपतो. पण मावशी, कधीतरी माझी स्वतःची खोली होईल, चूल होईल. त्या दिवशी तुझी पाटी माझ्या दारात उतरवून घेईन, आणि मग दुसऱ्या कुणाकडून मासळी घेणार नाही.