चुन्यातला गूळ

आधी खांबावर जोरात थाप. मग, "आमच्या पणजोबांनी या चुन्यात गूळ घातला होता, गूळ!" आणि मग खिशातून रुमाल काढून हाताला लागलेला तोच चुना पुसून टाकायचा. आमच्या इमारतीचे मालक आले की हे ठरलेलं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. पूर्वजांचा अभिमान फार, फक्त हात खराब व्हायला नको.

इमारत ओमतीत, शहराच्या जुन्या बाजारपेठेत होती. खाली कमानींचा व्हरांडा, त्यात दुकानांची रांग. त्यातलं एक चष्म्याचं दुकान आधी माझ्या बाबांचं आणि नंतर माझं. मधल्या कमानीवर भेडाघाटच्या संगमरवराची पाटी, तिच्यावर पणजोबांचं नाव ठळक कोरलेलं. मालक स्वतः शहराबाहेर महाराजपूरकडच्या नव्या बंगल्यात राहायचे. पणजोबांची आठवण त्यांना महिन्यातून एकदा, भाड्याच्या दिवशी यायची.

पावसाळ्यात माझ्या दुकानात बादल्या ठेवाव्या लागत. गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं की एक थेंब बादलीत आणि एक त्याच्या डोक्यावर. मी म्हणायचो, "मालक, छताचं काही करा ना." त्यावर ते छातीवर हात ठेवायचे.

"पणजोबांच्या कामाला मी हात लावू? माझी हिंमत नाही होत हो."

इतका भक्तिभाव मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. भक्तीत एक पैसा खर्च होत नव्हता, हे वेगळं.

मग आमचा रस्ता बदलायला लागला. समोरचं कापडाचं दुकान गेलं, मोबाईलची काचबंद शोरूम आली. शेजारची मिठाईवाल्यांची जागा पाडून चार मजले उभे राहिले. मालकांनी इमारत विकायला काढली. "जिवावर येऊन राहिलं, पण काय करता?" असं ते आम्हाला सांगायचे आणि लगेच मागे वळून गिऱ्हाइकाला व्हरांडा दाखवायचे. पणजोबा गिऱ्हाइकागणिक वाढत गेले. पहिल्यासाठी ते साधे ठेकेदार होते. दुसऱ्यासाठी नागपूरच्या दरबारातले मानकरी झाले. तिसऱ्यासमोर तर ते हत्तीवरून उतरले, तेही माझ्या दुकानाच्या पायरीशी.

चौथा मात्र खरा घेणारा होता. त्याला सगळं पाडून कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. हत्तीची गोष्ट त्याने शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "इतनी पुरानी है तो लफड़ा है, भैया. सरकार गिराने नहीं देगी."

आम्ही भाडेकरू आपापल्या दुकानांत कान टवकारून होतो. इमारत जुनी ठरली तर ती पडणार नव्हती, म्हणजे आमची दुकानं वाचणार होती. आयुष्यात पहिल्यांदा मला मालकांचे पणजोबा आवडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मिस्त्री शिडीवर चढून पाटीवर प्लास्टर चढवत होता.

"काहून हो मालक, पणजोबांना झाकून राहिले?"

"अरे, ओल येऊन राहिली होती तिथे."

सगळ्या इमारतीत कोरडी अशी तेवढीच जागा होती, आणि इतक्या वर्षांतली पहिली दुरुस्ती नेमकी तिथे झाली.

"आणि इमारत काही तेवढी जुनी नाही हो," ते हळूच म्हणाले. "आमच्या बाबांनीच बांधली. पणजोबांच्या त्या सगळ्या सांगोवांगीच्या गोष्टी. तुम्ही टेन्शन काहून घेता? नव्या बिल्डिंगमध्ये पहिला गाळा तुमचा. आपण तर घरचेच लोक."

इमारत किती जुनी ते बघायला एक सरकारी साहेब आले तेव्हा मी पुढे झालो. म्हटलं, "साहब, उस प्लास्टर के नीचे पाटी है. इनके परदादा का नाम है उस पर." साहेबांनी मालकांकडे पाहिलं. मालक हसले. "साहब, चश्मे वाले भैया को अब खुद चश्मा लग गया है." साहेबही हसले, चहा आला आणि पाहणी संपली. त्या दिवशी मालकांचा हात एकदाही खांबाकडे गेला नाही, हे मी पाहून ठेवलं.

पाडायला मशीन आलं. गुळाची गोष्ट तेवढी खरी असावी, कारण भिंती दाद देईनात. मधली कमान खाली आली तेव्हा प्लास्टरचा पापुद्रा सुटला आणि पाटी अखंड बाहेर पडली. मजुराने विचारलं, "बाबूजी, ये किसका नाम है?" मालक घेणाऱ्याच्या शेजारी उभे होते.

"पता नहीं. फेंक दो."

मी ती पाटी उचलली. पणजोबांच्या प्रेमाने नाही, निव्वळ संतापाने. रिक्षात घातली आणि कांचघर मोहल्ल्यात नेली. तिथे मी एक लहानशी जागा भाड्याने घेतली होती. पहिला गाळा कुणाला मिळाला ते मी विचारायलाही गेलो नाही.

मागच्या वर्षी मालक आले. थकले होते, पोराचा हात धरून पायरी चढले. "तुमच्या बाबांनी माझा नंबर काढला, तुम्ही काढला. आता दुसरीकडे काहून जाऊ? आपण तर घरचेच लोक." मी त्यांना खुर्चीत बसवलं, भिंग लावलं. समोरच्या तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ त्यांनी घडाघड वाचली.

"आता त्याच्या खालचं वाचा," मी म्हटलं.

तक्त्याखाली ती पाटी लावलेली होती. एकेक अक्षर तळहाताएवढं. ते बराच वेळ बघत राहिले.

"नाही दिसत."

मी काच बदलली. "आता?"

"नाही."

"अजून बदलू?"

"राहू द्या," ते म्हणाले. मला त्यांची कीव आली, आणि आली म्हणून स्वतःचाच राग आला.

निघताना ते पाटीपाशी थांबले. थाप नाही मारली, नुसता हात ठेवला. अक्षरांच्या खोबणीत त्यांचंच प्लास्टर अजून अडकलेलं आहे, ते तळहाताला पांढरं लागलं. मी रुमालाची वाट पाहत होतो. पण तो हात तसाच, अंगापासून जरा लांब धरून, ते रिक्षात जाऊन बसले.

चष्मा केव्हाच तयार झालाय. न्यायला अजून कुणी आलेलं नाही.