लाल बल्ब बंद असताना

आमच्या स्टुडिओत केबल आणि किस्से दोन्ही मुद्दाम कुणी गुंतवत नाही. रोज नीट गुंडाळून ठेवायचं आणि सकाळी पाहावं तर गुंता! एक टोक ओढलं की बाकीचं फरफटत बाहेर. तर हे मी ओढलेलं टोक.

स्टुडिओ बारामती एमआयडीसीत, एका बंद पडलेल्या डेअरीच्या कोल्ड रूममध्ये. मालक दिनकरतात्या. आमच्या अंथुर्णे गावचेच, पण उमेदीची सगळी वर्षं परदेशी जहाजांवरच्या बँडमध्ये सोल म्युझिकची, म्हणजे त्या ठेक्यात डोलायला लावणाऱ्या अमेरिकी गाण्यांची, गिटार वाजवण्यात गेली. आता गाणी लिहितात, चाली लावतात, रेकॉर्ड करून देतात. मी बी.एस्सी. झाले आणि कंप्युटरवर बसायच्या नोकरीसाठी तिथं गेले.

दार हातभर जाड. माझ्यामागं बंद झालं तेही अजिबात आवाज न करता! मी आतून हँडल चाचपलं.

"तात्या, हे आतून उघडतं ना?"

"आजपतूर तर उघडलंय."

डिग्रीचा कागद त्यांनी बघितलाच नाही. गिटार घेतली आणि म्हणाले, "टाळी धर." मी धरली.

"ही वरातीतली झाली. आता जितं पडली न्हाय, तितं वाजव."

वाजवली. आणि तेच गाणं एकदम कमरेतून चालायला लागलं!

"हेच सोल. उद्यापास्नं ये."

इतक्या सहज नोकरी देणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

*

गावाचाही विश्वास नव्हताच. म्हाताऱ्या शंकरआबांनी एकदा गावातल्या दूध डेअरीसमोर तात्यांना गाठलं. "दिनकर, जहाजावर गिटार वाजवाय मान्सं ठिवत्यात? इंजान कमी वरडतंय व्हय?"

"आबा, इंजनाला मधी थांबाय येत न्हाय. मला थांबायचाच पगार व्हता."

तात्या गेल्यावर आबांनी मला बाजूला घेतलं. "पोरी, त्या पेटीत गिटारच आसती का, बघून ठिव. लई जड दिसती."

झालं! माझ्या डोक्यात किडा. एके दुपारी तात्या चहाला गेलेले पाहून मी पेटी उघडली. गिटार होती. आणि कप्प्यात लसणाच्या चटणीची भली मोठी बरणी!

"ती नसती तर पयल्याच बंदरात उतरून पळून आलो असतो," मागून तात्या म्हणाले. मी केवढ्यानं किंचाळले!

मी तशीही किंचाळतेच. पाल दिसली, फोन वाजला, कुकरची शिट्टी झाली, तरी. घरी माझं "आई गं!" ऐकू आलं की आई झाडू घेऊनच येते. काय झालं, हे विचारायचं तिनं कधीच सोडून दिलंय.

*

कऱ्हाटीच्या तानाजीरावांना त्यांच्या रोपवाटिकेसाठी जाहिरातीचं गाणं हवं होतं. तात्यांनी मनापासून लिहिलं. डाळिंबाचं रोप परक्या रानात निघालंय, मागं वळून बघतंय, आणि गिटार प्रत्येक ओळीनंतर हुंदका देतेय.

तानाजीरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. रुमाल काढून डोळे पुसले. मग म्हणाले,

"तात्या, रोपं इकायची हायत का त्येंचा दहावा घालायचाय?"

*

आता लाल बल्बचं. रेकॉर्डिंग सुरू झालं की स्टुडिओच्या भिंतीवरचा लाल बल्ब लागतो. निदान लागायला हवा! पण तात्यांचं म्हणणं, बल्ब लागला की माणूस आखडतो, शाळेच्या फोटोला बसल्यासारखा वाजवतो. म्हणून ते बल्ब बंद ठेवायचे, "नुस्ती प्रॅक्टिस हाय" म्हणायचे, आणि गुपचूप सगळं रेकॉर्ड करायचे.

आमचे ड्रमवाले रफिकभाई असेच फसले. प्रॅक्टिस म्हणून मस्तीत वाजवलं, मग घाम पुसून म्हणाले, "चला, आता टेक घेऊ."

"झाला की. जावा घरी."

तेव्हापासून रफिकभाई चहा पितानासुद्धा कपावर बोट वाजलं की दचकतात. "तात्या, हे घेत न्हाई ना?" आणि मी? आईशी फोनवर बोलायला गेटबाहेर जायला लागले.

*

पुढचं जरा माझं आहे. तात्यांनी स्वतःसाठी एक गाणं केलं, गावाकडं परत आल्यावरचं पहिलं. मुख्य गायिका येण्याआधी त्यावर कुणीतरी कच्च्या आवाजात गाऊन ठेवायचं असतं, म्हणजे बाकीच्यांना वाजवायला सोपं जातं. त्याला गाईड म्हणतात. ते मी गायले. घरी कुणाला माहीत नव्हतं, मी गाते म्हणून. गाताना मलाच कळलं, की हे गाणं मला दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.

शेवटच्या कडव्याआधी एक थांबा होता. नेमकी तिथं वरच्या पाइपावरून पाल पडली, माझ्या हातावर! "आई गं!" ओरडले, पण थांबा संपताच तात्यांची गिटार पुढं सुरू झाली, म्हणून तशीच धापा टाकत शेवटपर्यंत गायले.

"तात्या, हा आवाज... राहील का?"

"गाईड म्हंजी सेंट्रिंग, केतकी. स्लॅब टाकला की काढाय लागतं."

बल्ब बंदच होता. मी मुद्दाम बघितलं.

*

मग पुण्याहून गायिका आली. गोड बाई, आणि गायली तर एकही चूक नाही. मला रडू येत होतं आणि मी हसून तिला पाणी देत होते. काचेपलीकडं तात्या रफिकभाईंना म्हणत होते, "स्वच्छ हाय. लईच स्वच्छ हाय." म्हणजे आवडलं!

दुसऱ्या दिवशी मी पोचले तर दार उघडंच, आतून फोनवर तात्या, "न्हाय न्हाय, पोरीला कळू द्यायचं न्हाय." मला पाहिल्यावर फोन बंद. "केतकी, दोन-चार दिस घरी ऱ्हा."

आजवर त्यांनी कधी सुट्टी दिली नव्हती. सेंट्रिंग निघालं, दुसरं काय!

गाणं बाहेर आल्याचं रफिकभाईंनी कळवलं. लिंक पाठवली. मी उघडलीच नाही.

*

पुढच्या सोमवारी मी अंगणात टोमॅटो निवडत बसले होते. आई आत भाकरी थापत होती. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला, नेहमीसारखे स्पीकर फुल्ल. गिटार ओळखीची वाटली. मान वर केली नाही.

बाई सुरेखच गात होती. पण श्वास मी घेतला तिथंच घेत होती. "उन्हात"मधला "न" माझ्यासारखाच नाकात. मला शंका आलीच. पुण्याच्या बाईनं माझी नक्कलसुद्धा केली!

ट्रॅक्टर बांधावरून वळला. गाणं थांब्यापाशी आलं. स्पीकर क्षणभर गप्प. आणि मग साऱ्या शिवारभर—

"आई गं!"

आतून परात पडल्याचा आवाज झाला. पिठाच्या हातांनी, झाडू उगारून आई धावत अंगणात आली.

"कुठं हाय पाल?"