राजश्रीची चोरचोळी

आमच्या शेजारच्या राजश्रीचं माहेर वैरागचं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. त्यामुळे यंदा पाळी लांबली, ओटीपोट जड वाटायला लागलं, तशी सासू मुक्ताबाईंनी तपासणीचीही वाट पाहिली नाही. नवी पेठेतून हिरवा खण आणला, चोळी शिवून घेतली आणि सुनेला घातली. दिवस गेल्यावरची ही चोरचोळी गुपचूप द्यायची असते. मुक्ताबाईंनी तिची बातमी बार्शीपर्यंत पोचवली.

मग सोनोग्राफी झाली. गर्भ नव्हता. उजव्या अंडाशयावर मोठ्या लिंबाएवढी पाण्याची गाठ होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. अशा गाठी पुष्कळदा आपोआप जिरतात. दोन महिन्यांनी पुन्हा बघू. पण एका बाजूला एकदम जोराची कळ आली, उलट्या झाल्या, चक्कर किंवा ताप आला, तर लगेच यायचं. अंडाशयाला पीळ पडू शकतो."

राजश्रीनं नवऱ्याला, अभिमन्यूला, शपथ घातली. आत्यांना, म्हणजे सासूला, कळता कामा नये. "चोळी कुठल्या तोंडानं परत करू?"

एका सकाळी भाकरी थापताना कळ आलीच. हाका ऐकून मी धावले, तर ही परातीशेजारी दुमडून पडलेली, पिठाच्या हातांनी उजवी कूस धरून. उलट्या थांबेनात.

"दवाखान्यात चला," मी म्हणाले.

"पोटुशीला रिक्षाचे धक्के? पडू द्या निवांत. डोहाळं हायती," मुक्ताबाई म्हणाल्या. "आमी काय जात हुतो व्हय दवाखान्यात?"

राजश्रीनं डोळे मिटले. मला वाटलं, शुद्ध गेली.

"आत्या, बाळ न्हाय. गाठ हाय. मला ठावं हुतं."

दारात जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मग चोळी परत का गं न्हाय केलीस?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"तुमी लई हरखला हुता."

मुक्ताबाई वळून बायकांवरच ओरडल्या, "बघताय काय? रिक्षा बोलवा की!"

पीळ पडलाच होता. दुर्बिणीतून ऑपरेशन करून तो सोडवला, गाठ काढली. अंडाशय वाचलं. आणखी उशीर झाला असता, तर तेही काढावं लागलं असतं.

घरी सोडायच्या दिवशी मुक्ताबाईंनी पिशवीतून कपडे काढले. वरच हिरवी चोळी. राजश्रीनं तोंड फिरवलं. "ही नको, आत्या. लोक हसतील."

"गावभर मी सांगितलंय, तू न्हाय. घाल. अंगाला बसती न्हवं?"

राजश्रीनं ती घातली. पण गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळली, तसा दोघींनीही पदर कपाळापर्यंत ओढला.