आक्काची फायनल

कुठेही गेली की आक्का आधी उंच जागा शोधायची. लग्नात मांडवातली खुर्ची सोडून देवळाच्या वरच्या पायरीवर जाऊन बसायची. पोलादपूरच्या बाजारात पिशव्या माझ्या हातात देऊन एखाद्या दुकानाच्या ओट्यावर चढायची आणि गर्दीकडे बघत राहायची. मी घाई केली की म्हणायची, "वरून बगा, बाई. खालून नुसते पाय दिसतात."

बाई म्हणजे मी. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथल्या शाळेवर माझी बदली झाली आणि आक्काच्या पडवीकडची खोली मला भाड्याने मिळाली. मी महाडात वाढलेली, त्यामुळे वाडीवर करमणार नाही अशी माझी खात्री होती. करमलं, ते आक्कामुळे. वाडीवर लहानथोर सगळे तिला आक्काच म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले.

आक्काचं निम्मं आयुष्य मुंबईत गेलं होतं. एका इस्पितळात ती आया होती. तिचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आणि खिडकीखाली फुटबॉलचं मैदान. बेडपॅन धुता धुता, चादरी बदलता बदलता तिने वर्षानुवर्षं त्या खिडकीतून फुटबॉल पाहिला. तोही मुका, कारण खिडकीची काच कायम बंद. शिट्टी, आरडाओरडा, शिव्या यातलं काहीच तिला कधी ऐकू आलं नाही. खेळातल्या कशालाही काय म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिचं त्यावाचून अडलंही नाही. आपल्यातल्या पुष्कळांना खेळ समजून घ्यायला शेजारी एक बोलणारा लागतो. आक्काला बोलणाऱ्याचा त्रासच व्हायचा.

टीव्हीवरच्या मॅचला ती नाक मुरडायची. "येकच माणूस मोठा करून दाखवतात. बाकीचे कुठं उबे हायत ते नको कळाया?"

एकदा मोड आलेले वाल सोलत बसलो असताना तिने ओटीवर दाणे मांडून मला एक गोल समजावला होता. हा इथून धावला, ह्याच्यामागे हे दोघं लागले, आणि ह्याने मान न वळवता चेंडू तिकडे दिला. तिथे तर कोणीच नव्हतं, असं मी म्हटलं. "नव्हताच! चेंडू पोचला तवा तो पोचला," म्हणत तिने एक दाणा बोटाने असा सरकवला, की मला खरोखरच कोणीतरी धावत आल्यासारखं वाटलं. त्या दिवशी उसळीला वाल कमी पडले.

पण वाडी कबड्डीची. पोरगं चालायला लागलं की मांडीवर थाप मारायला शिकतं. त्यात आक्काचे चुलतभाऊ तात्या म्हणजे एके काळचे नावाजलेले चढाईपटू. एक गुडघा कामातून गेलेला, पण जीभ शाबूत. आक्काने फुटबॉलचं नाव काढलं की तात्या सुरू व्हायचे. "बावीस माणसा येका चेंडूच्या मागं. आमी गुरांच्या मागं धावतो तो काय कमी हाय?" सगळे हसायचे. आक्काही हसायची आणि म्हणायची, "येकदा बगा तरी रे." हे "येकदा बगा तरी" मी इतक्या वेळा ऐकलं की मलाच त्या बिचारीची कीव यायला लागली होती. आवडती गोष्ट एकट्यानेच आवडून घेण्यात काही मजा नसते, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

मग महाडच्या एका मंडळाने भातकापणी झाल्यावर गावोगावच्या संघांची फुटबॉल स्पर्धा भरवली. आमच्या वाडीची मुलं आक्काच्या भुणभुणीला कंटाळून आणि निम्मी गंमत म्हणून उतरली. सगळी कबड्डीचीच, दिवसा औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी. ती चक्क जिंकत गेली. उपांत्य सामना बघायला आम्ही दोघीच एसटीने गेलो होतो. तो फार सुंदर झाला, असं आक्का म्हणाली. मला तेव्हा एवढंच कळलं, की परतीच्या एसटीत ती सारखी स्वतःशी हसत होती.

फायनलला तिने अख्खी वाडी उठवली. भात झोडणीची कामं आटपायला लावली, टेम्पो ठरवला, म्हाताऱ्यांना पुढे बसवलं. तात्यांना तर हात धरून चढवलं. तिने नवं लुगडं नेसलं होतं. इतक्या वर्षांची थट्टा आज थांबणार होती. टेम्पोत ती मला हळूच म्हणाली, "बाई, आज ह्यांना कळंल मी काय बगत व्हते."

मैदान महाडबाहेर, सव गावाच्या रस्त्याला होतं, एका बाजूला उंच बांध आणि दुसऱ्या बाजूला वालाचं शेत. आमच्याविरुद्ध वरंध गावाकडची मुलं. आम्ही बांधावर बसलो. पाचच मिनिटांत आमच्या एका मुलाने मारलेला चेंडू त्यांच्याच माणसाच्या पाठीला लागून गोलात गेला. वाडीने जल्लोष केला.

आणि इथेच घात झाला. आमची पोरं कबड्डीची. कबड्डीत आघाडी मिळाली की चढाईला जायचं, रेषेवर घुटमळायचं, वेळ काढून परत यायचं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ती तेच करायला लागली. चेंडू आला की हाणला वालाच्या शेतात. शेतवाला काठी घेऊन धावतोय, पोरं सावकाश चेंडू आणताहेत, आणला की पुन्हा शेतात. शेजारी आमची वाडी खुशीने वेडी झालेली. यातलं सगळं त्यांना नीट कळत होतं ना! "अजून लांब हाण रे!" तात्या ओरडत होते. वरंधची मुलं कंबरेवर हात ठेवून उभी होती. दीड तास जवळजवळ हेच चाललं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही एक-शून्यने जिंकलो होतो.

गुलाल उधळला गेला. आक्का बांधावर हात मांडीत घेऊन बसून राहिली.

परतताना टेम्पोत तात्यांचा घसा बसला होता. ते म्हणाले, "आक्के, तुजा फुटबॉल म्हंजे आपली कबड्डीच हाय गो! उगाच येवडी वर्षा नाय बगितला." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी आक्काच्या कपाळाला गुलाल लावला. आक्काने तो तसाच राहू दिला. मग म्हणाली, "हां रे. तसाच हाय."

घरी आल्यावर मात्र ती पडवीत बसली आणि पदराने कपाळ पुसायला लागली. पुसता पुसता रडू लागली.

"बाई, आज फुटबॉल झालाच नाय."

"मग तिथेच सांगायचं ना तात्यांना!"

"कसा सांगू? पयल्यांदा आले सगळे. किती खुशीत व्हते." मग डोळे पुसत म्हणाली, "बगायला लागले ह्ये काय थोडा झाला? फुडल्या सालाला चांगला व्हईल. तवा त्यांचा त्यांनाच कळंल."

मला तिचा राग आला होता, खरं सांगते. माझ्यावर अशी वेळ आली असती तर मी त्या टेम्पोत एकेकाला धडा शिकवला असता. पण आक्काने कोणाचाही आनंद हिरावला नाही. पुढचे कित्येक महिने बायका तिला नळावर विचारायच्या, "आक्के, फुडची मॅच कंदी गो?" आणि ती प्रत्येकीला हसून उत्तर द्यायची. आपली निराशा तिने फक्त माझ्यापाशी ठेवली. तेवढी तिने मला जवळची मानली, याबद्दल मी आजही तिची ऋणी आहे.

श्रावणात आक्का गेली. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

थंडीत पुन्हा स्पर्धा झाली, पुन्हा आमची मुलं फायनलला, पुन्हा वरंधच समोर. टेम्पो कोणी ठरवला कोण जाणे, वाडी भरून गेली. मंडळाने या वेळी खाली खुर्च्या मांडल्या होत्या. मी बांधावर गेले. थोड्या वेळाने तात्या एका हाताने काठी टेकत, दुसऱ्याने गुडघा धरत चढून माझ्या शेजारी येऊन बसले.

या वेळी शेताकडे जाळी बांधली होती, त्यामुळे वेळ काढायची सोय राहिली नव्हती. पोरांना खेळावंच लागलं, आणि ती खेळलीही. एक-एक अशी बरोबरी झाली. शेवटी शेवटी वरंधच्या एका मुलाकडे चेंडू आला आणि आमचे तिघं त्याच्यावर धावले. त्याच वेळी मला पलीकडच्या कडेने एक किडकिडीत मुलगा सुटलेला दिसला. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. चेंडूवाल्याने मान न वळवता चेंडू रिकाम्या जागेत सोडला. मुलगा तिथे पोचला आणि गोल झाला.

मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. खाली सगळी वाडी चिडीचूप. तात्यांनी माझ्या पदराला हिसका दिला.

"बाई, त्यांचा गोल झाला. आपला नाय!"

"ठाऊक आहे, तात्या," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले होते.

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग मैदानाकडे बघत त्यांनी विचारलं, "आक्का असती तर तिनं वाजवली असती काय टाळी?"

"उभी राहून वाजवली असती."

तात्यांनी काठी बांधात रोवली, तिच्यावर भार टाकत ते कसेबसे उभे राहिले. तो गोल त्यांना कळला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. काठी काखेत धरून, एका पायावर तोल सावरत, आपल्या हरणाऱ्या पोरांच्या देखत ते मोठ्याने टाळ्या वाजवायला लागले.